साडेपाचची हजेरी

न्यू शायलो चर्चच्या मंडळीतल्या एकानेही आयोवा राज्य डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, तरी रोज पहाटे साडेपाचला सगळी मंडळी आयोवात जमायची. अलाबामातल्या आपापल्या स्वयंपाकघरातून, पलंगावरून, कुणी कामावर निघालेल्या गाडीतून तिकडचा एक फुकटचा नंबर लावायचे आणि तीस-चाळीस माणसं एकदम एकमेकांच्या कानात यायची. कुणाचं खोकणं, कुणाच्या कॉफीची गुडगुड, कुणाच्या खुर्चीची कुरकुर. मग मंडळीचा कारभार पाहणारे डीकन होझिया क्रेन्शॉ घसा साफ करून म्हणायचे, "संतजनहो, प्रभूने आजचा दिवस दाखवला. नाव घेईन त्याने हजेरी द्यायची आणि स्टार सहा दाबून फोन मुका करायचा, बोलायचं तर पुन्हा स्टार सहा. काल कुणाच्या तरी कुत्र्याने माझ्यापेक्षा लांबलचक प्रार्थना केली, ती आज नको."

हजेरीत पहिलं नाव पाळकांचं, लूशस टॉलिव्हर यांचं. चौतीस वर्षं न्यू शायलोचं व्यासपीठ त्यांनी सांभाळलं होतं. त्यांचा उपदेश सुरू व्हायचा तो अगदी साध्या बोलण्यात, शेजाऱ्याशी कुंपणावरून बोलावं तसा. बोलता बोलता शब्दांना हळूच लय यायची, लयीला सूर लागायचा, आणि अर्ध्या तासाने पाहावं तर माणूस बोलत नसायचाच, गात असायचा. एक ओळ त्यांची, एक मंडळीची. ते टाकायचे, मंडळी झेलायची. शेवटी वर चढून ज्या सुरावर ते थांबायचे, त्या सुरावर म्हाताऱ्या बायांना पाय जमिनीवर ठेवणं कठीण व्हायचं.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, शब्द गेले. सूर मात्र तसाच राहिला. साठ मैलांवर सेल्माच्या शुश्रूषागृहात ते पडून असत. तिथल्या एका शिकवणाऱ्या बाईने महिनाभर खपून त्यांच्या डाव्या अंगठ्याला एवढंच शिकवलं होतं की फोन उघडायचा आणि दोनचा आकडा दाबून धरायचा. तेवढ्यावर आयोवा लागायचं. डीकनने नाव घेतलं की ते उपदेशाच्या शेवटाचा तो वरचा सूर गुणगुणायचे, तोंड मिटून, जरा थरथरता. डीकन म्हणायचे, "पाळकसाहेब हजर आहेत." आणि तीस-चाळीस मुक्या फोनांसमोर तीस-चाळीस माणसं आमेन म्हणायची.

झटका आला त्याच महिन्यात नवीन पाळक शोधायची कुजबुज सुरू झाली होती. ती डीकननेच थांबवली. "पाळक हजेरीला उत्तर देतात, तोवर व्यासपीठ रिकामं नाही," ते म्हणाले, आणि तो मंडळीचा नियम होऊन बसला.

या महिन्याच्या एक तारखेला डीकनने नाव घेतलं, आणि पलीकडून काहीच आलं नाही.

व्हर्लीन आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या जुन्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून उभी होती. लूशसची ती बायको. साडेसहाला तिला शाळेच्या भटारखान्यात हजर व्हायचं असे, म्हणून ती ही प्रार्थना कोट घालूनच ऐके. डीकनने तीनदा नाव घेतलं. आयोवातून नुसतं सूं सूं आलं. ते पुढच्या नावावर गेले.

तिला वाटलं, झोप लागली असेल. तिने शुश्रूषागृहात फोन केला, तिथली मदतनीस टमीका म्हणाली, "जागे आहेत हो. फोन हातात घेऊन बसलेत." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शनिवारी ती सेल्माला गेली आणि लूशसच्या फोनवर स्वतः दोनचा आकडा दाबून धरला. एका गोड आवाजाच्या बाईने सांगितलं की, जिथे अनेक जण एकत्र बोलतात असे क्रमांक एक तारखेपासून आपल्या योजनेत समाविष्ट नाहीत; महिना पाच डॉलर जादा भरून ही सोय सुरू करता येईल; धन्यवाद. म्हणजे आठवडाभर तो रोज पहाटे आकडा दाबत होता आणि या बाईचं ऐकत होता.

राग यायला हवा होता. व्हर्लीनने स्वतःच्या आत जरा वेळ पाहिलं. तिथे काही हललं नाही. आठ महिने हे असंच होतं. मंडळीतली सिस्टर जॉनी मे दर रविवारी दारात पीच घालून भाजलेलं पक्वान्न ठेवून जाई, व्हर्लीन ते ओट्याशी उभ्यानेच खाई, आणि गोड होतं की अळणी, हे विचारलं तर तिला सांगता आलं नसतं.

रविवारी चर्च सुटल्यावर डीकनने तिला गाडीपाशी गाठलं. टोपी हातात, नजर बुटांवर.

"पाळकीणबाई, वाईट वाटून घेऊ नका."

"बोला, डीकन."

"पलीकडच्या काउंटीतला तो तरुण सेवक आहे ना, ज्याने गेल्या महिन्यात उपदेश दिला. त्याला दुसऱ्या मंडळीनेही विचारलंय. येत्या रविवारच्या आत उत्तर द्या म्हणतो. मी आठ महिने सगळ्यांची तोंडं धरून ठेवली. पण आता हजेरीच नाही तर कशाच्या जोरावर धरू?"

"फोनचं आहे, डीकन. कंपनीने बंद केलंय. ते आहेत."

"ते आहेत हे मला ठाऊक आहे." डीकनने टोपी गोल फिरवली. "त्याला पाळक नेमायचा ठराव बुधवारी सकाळी प्रार्थनेच्याच फोनवर घ्यायचं ठरलंय. निम्मी मंडळी अंथरुणाला खिळलेली, त्यांना दुसरीकडे कुठे बोलावणार? तेवढ्यात फोनचं जमवा. बुधवारी त्यांनी उत्तर दिलं, तर मी त्या तरुणाला स्वतः नाही म्हणून कळवीन."

"जमवते," व्हर्लीन म्हणाली.

"आणि पाळकीणबाई, मदर ओझेलाचा अंत्यविधी आठवतो ना? उसना आणलेला सेवक. चारदा तिला रोझेला म्हणाला."

"आठवतो."

"मी आपलं सांगितलं."

सोमवारी पहाटे तिने एक युक्ती केली. भिंतीवरच्या फोनवरून आयोवा लावलं, मोबाइलवरून लूशसला फोन लावला, आणि रिसीव्हरच्या तोंडाशी मोबाइलचा कान असे दोन्ही उलटसुलट धरून ओट्यावर ठेवले. लूशसचा श्वास ऐकू येत होता. डीकनने नाव घेतलं आणि दोन्ही फोनांमधून अशी एक किंकाळी निघाली की व्हर्लीनने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"प्रभू येशू," जॉनी मेचा आवाज आला, "कुणाच्या घरी मांजर तव्यावर बसलंय?"

"ज्यांच्या घरी आवाज होतोय त्यांनी स्टार सहा दाबावं," डीकन म्हणाले.

तिने फोन जरा लांब केले, मग जवळ आणले. किंकाळी कमी झाली की लूशस ऐकू येईना, तो ऐकू येऊ लागला की किंकाळी.

"स्टार सहा, संतजनहो. प्लीज."

तिने स्टार सहा दाबलं.

शाळा सुटल्यावर ती कंपनीच्या दुकानात गेली. काउंटरमागचा मुलगा चांगला होता, शर्टावर नावाची पट्टी, बोलणं नम्र. त्याने यंत्रात पाहिलं.

"खातं मिस्टर टॉलिव्हर यांच्या नावावर आहे, मॅडम. जादा सोय घ्यायची तर त्यांचं स्वतःचं होय लागेल. फोनवर यंत्र विचारतं, त्यांनी नुसतं होय म्हणायचं."

"त्यांना बोलता येत नाही."

"मग मेसेजवरून."

"वाचताही येत नाही आता."

"मग वकिलाचं पत्र, त्यांच्या वतीने तुम्ही सही करू शकता असं. मुख्य कचेरीत जाईल, दहा दिवस लागतात."

"बुधवारी सकाळी हवंय."

मुलाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कुणाही पुरुषाने होय म्हटलं तरी यंत्राला काय कळतंय, मॅडम? मी हे बोललो नाही हं."

"दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला तर?"

"तो घ्या की. पण नवा फोन त्यांना जमेल का?"

व्हर्लीनला तो डावा अंगठा आठवला. एका आकड्यासाठी एक महिना. ती म्हणाली, "देव भलं करो तुझं, बाळा," आणि बाहेर आली.

मंगळवारी तिने शाळेतून अर्धी रजा घेतली. सेल्माला पोचली तेव्हा तीन वाजत आले होते. लूशसला खुर्चीत बसवून खिडकीशी ठेवलं होतं. तिने त्याची हनुवटी पुसली, मानेमागची उशी सारखी केली. टमीकाला तिने सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगायला हवं होतं.

"एवढंच ना?" टमीका म्हणाली. "कामावर असताना आम्हाला फोन वापरता येत नाही, नाहीतर माझाच लावून दिला असता. पण खाली दुरुस्तीवाला रॉय आहे. बोलावते त्याला. दाणकन होय म्हणेल, दोन मिनिटांचं काम."

"नको."

"यंत्रच आहे हो, मिस व्हर्लीन."

"ते विचारतं, तुम्ही लूशस टॉलिव्हर आहात का. माझ्या नवऱ्याचं होय दुसऱ्या कुणी म्हणायचं नाही." हेही ती सपाट आवाजातच म्हणाली. टमीकाने खांदे उडवले, पण गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली.

व्हर्लीनने फोन लावला आणि आवाज मोठा करून त्याच्या मांडीवर ठेवला. "रेव्हरंड," ती म्हणाली. चारचौघांत आणि घरातही ती त्याला हेच म्हणे. "ही बाई विचारील. तुम्ही होय म्हणायचं. होय."

"ही सोय सुरू करण्यासाठी," गोड आवाज म्हणाला, "होय म्हणा."

लूशसने तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. मग मिटल्या तोंडातून तोच वरचा सूर आला.

"माफ करा, मला समजलं नाही. होय म्हणा."

पुन्हा सूर.

"माफ करा."

व्हर्लीनने फोन बंद केला. मग तिच्या मनात आलं ते युक्ती म्हणून नाही, सवय म्हणून आलं. न्यू शायलोत जुनी गीतं पुस्तकाविना गायची रीत आहे. पुढे उभा असलेला माणूस एक ओळ घाईघाईने, कोरडी म्हणून टाकतो, आणि मागची सगळी बाकं तीच ओळ उचलून हळूहळू ताणत नेतात, एकेका शब्दाला दहा दहा वळणं देत. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं अशा आज्या-पणज्यांनी सगळी गीतं अशीच पाठ केली. ओळ टाकणं हे लूशसचं काम, नाहीतर डीकनचं. व्हर्लीन नेहमी दुसऱ्या बाकावर, उचलणाऱ्यांत. आठ महिन्यांत तर ती तेही गायली नव्हती.

तिने फोन पुन्हा लावला. बाईने विचारण्याच्या आधीच तिने ओळ टाकली, खालच्या पट्टीत, लाजत.

"प्रभूने हाक दिली तर मी म्हणेन होय."

लूशसची मान किंचित वर झाली. मिटलेलं तोंड उघडलं. आणि जड, वाकड्या ओठांतून शब्द आला, ओळीचा शेवटचा, एकच. तो खालून निघाला, वर गेला, तिथे थांबला, दोन पायऱ्या उतरला, पुन्हा चढला.

"हो…य."

दारातली टमीका सरळ उभी राहिली. आठ महिन्यांतला हा पहिला शब्द होता.

"माफ करा," फोन म्हणाला, "मला समजलं नाही."

व्हर्लीनने पुन्हा ओळ टाकली. तो पुन्हा गायला, पहिल्यापेक्षा लांब. यंत्राने पुन्हा माफी मागितली. मग म्हणालं, "आपल्याला प्रतिनिधीशी जोडत आहोत," आणि वाजंत्री सुरू झाली. ती संपून एका खऱ्या बाईचा आवाज आला, थकलेला, कुठल्या तरी लांबच्या गावचा.

"बोला, काय मदत करू? हॅलो? कुणी गातंय का तिकडे?"

"माझे यजमान आहेत. त्यांना गाऊनच बोलता येतं," व्हर्लीन म्हणाली. "होय म्हणतायत ते. तुमच्या यंत्राला कळत नाही."

"खातं त्यांचंच आहे ना? मला नाव त्यांच्याच तोंडून ऐकावं लागेल, मॅडम. आमचा नियम आहे."

स्वतःचं नाव कुणी गातं का? पण व्हर्लीनने तीही ओळ टाकली, गीताचीच असल्यासारखी. "मी लूशस टॉलिव्हर, प्रभू, मी लूशस टॉलिव्हर." त्याने ती उचलली. 'लूशस' नीट निघालं. 'टॉलिव्हर' मध्येच तुटलं आणि त्याने ते सुरावर तसंच पुढे नेलं. पलीकडे बोटं टकटकली.

"झालं. नोंद केली. सुरू व्हायला चोवीस तास लागतील."

"उद्या सकाळी साडेपाचला हवं होतं."

"चोवीस तास, मॅडम. माझ्या हातात नाही ते." मग थोडं थांबून, "आवाज फार छान आहे त्यांचा." आणि फोन बंद झाला.

लूशस मात्र थांबला नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. पुढची ओळ हवी होती त्याला. व्हर्लीनने दिली. त्याने उचलली. तिसरी दिली, तीही उचलली. शब्द शेवटचा एखादाच यायचा, बाकी नुसता सूर, पण उचलायचा. चौथ्या ओळीनंतर ती मुद्दाम गप्प राहिली. या जागी तो नेहमी स्वतः पुढे व्हायचा, मंडळीला वर घेऊन जायचा. चौतीस वर्षं तिने दुसऱ्या बाकावरून ती जागा ओळखली होती, डोळे मिटूनसुद्धा सांगता आली असती.

ती थांबली. तोही थांबला. हात मांडीवर, मान जरा कलती, नजर तिच्या ओठांवर. मागच्या बाकावरची माणसं पुढच्याकडे बघतात तशी. त्याला वाट बघायची घाई नव्हती. चेहऱ्यावर कसलाच ताण नव्हता.

तिने पाचवी ओळ दिली. गीत संपेपर्यंत देत राहिली.

घरी येताना ती आपल्या गावाचं वळण चुकली आणि चार मैल पुढे गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं.

बुधवारी पहाटे आयोवात इतकी माणसं कधीच जमली नव्हती. डीकनने कुत्र्यावरून थट्टा केली नाही. त्यांनी पहिलं नाव घेतलं.

"पाळक लूशस टॉलिव्हर."

सूं सूं.

"पाळक लूशस टॉलिव्हर."

कुणाच्या तरी घरी पातेलं ठेवल्याचा आवाज झाला, लगेच मुका झाला.

"पाळक लूशस टॉलिव्हर." डीकन थांबले, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. "पाळकीणबाई, काही सांगायचंय तुम्हाला?"

सांगण्यासारखं होतं. फोन दुपारी तीन-साडेतीनपर्यंत सुरू होईल, नोंद झाली आहे, उद्या उत्तर देतील. एवढं म्हटलं असतं तर ते थांबले असते. तिची खात्री होती. एक दिवस कुणीही थांबलं असतं, आणि त्या तरुणाला नाही कळवलं गेलं असतं, आणि लूशस पाळकच राहिला असता. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तिने स्टार सहा दाबलं. डोळ्यांसमोर ती कलती मान आली, पुढच्या ओळीची निवांत वाट बघणारी.

"काही नाही, डीकन."

"नक्की?"

"काही नाही."

मग ठराव वाचला गेला आणि एकेकाचं मत विचारलं गेलं. बहुतेक जण होय म्हणाले, दोघं-तिघं नाही म्हणाले. जॉनी मे म्हणाली, "मी नाही म्हणते, आणि का म्हणून कुणी विचारू नका, मी सकाळी सकाळी रडणार नाही." मग व्हर्लीनचं नाव आलं.

"होय," ती म्हणाली. आखूड, कोरडं. कुठल्याही यंत्राला कळलं असतं.

भटारखान्यात त्या दिवशी तिने तीनशे मुलांची बिस्किटं लाटली, भाजली. एकही जळलं नाही. कुणी तिला काही विचारलं नाही, म्हणजे त्यांना कळलं होतं. तीन वाजून गेल्यावर टमीकाचा मेसेज आला, की यजमानांच्या फोनवर कंपनीचा मेसेज आलाय, सोय सुरू झाली, धन्यवाद वगैरे. व्हर्लीनने तो वाचून फोन ॲप्रनच्या खिशात ठेवला.

गुरुवारी डीकनकडे नवी यादी होती. पहिलं नाव आता कुणाचंच नव्हतं, नवा सेवक यायचा होता. नावं आडनावांच्या क्रमाने लागत गेली. व्हर्लीन कोट घालून भिंतीशी उभी होती. यादी बरीच खाली आली.

"ब्रदर लूशस टॉलिव्हर," डीकन म्हणाले. तीन वेळा घ्यावं लागेल या तयारीने त्यांनी ते सावकाश घेतलं होतं.

"हो…य."

वरचा सूर नव्हता तो. खालचा होता, मागच्या बाकांवरचा, पाच-सहा वळणं घेऊन हळूच टेकणारा. मग मुका करायचा राहून गेलेल्या एका फोनवरून जॉनी मे म्हणाली, "उशीर केलात, ब्रदर. आमची कॉफी संपली."

कुणीतरी हसलं. डीकनच्या हातातला कागद सळसळला. पाळकीणबाई काल का गप्प राहिल्या, हे त्यांना विचारायचं होतं, पण सगळ्यांसमोर ते विचारता येण्यासारखं नव्हतं. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

"ब्रदर टॉलिव्हर हजर आहेत," ते म्हणाले. "सिस्टर व्हर्लीन टॉलिव्हर."

तिला कुणी या नावाने हाक मारून चौतीस वर्षं झाली होती. तिने स्टार सहा दाबलं.

"आहे," ती म्हणाली.

डीकनने पुढचं नाव घेतलं.